दहा महिन्यांचा राजा : सिसिलीचा विल्यम तिसरा आणि त्याची गेलेली गादी

निशाचर (धागाकर्ता)

मंडळी, पालेर्मोच्या कॅथेड्रलमध्ये लालसर जांभळ्या पॉर्फिरी दगडाच्या भल्यामोठ्या शवपेट्या आहेत. रॉजर दुसरा, त्याची मुलगी कॉन्स्टन्स, तिचा नवरा सम्राट हेन्री सहावा आणि त्या दोघांचा मुलगा फ्रेडरिक दुसरा. म्हणजे सासरा, मुलगी, जावई, नातू, सगळं कुटुंब एका छपराखाली. याच घराण्याचा एक राजा मात्र तिथे नाही, त्याची कबरच कुठे सापडत नाही. त्याच्याबद्दल लिहायचं कधीपासून डोक्यात होतं, रात्रपाळी संपली, झोप उडालीये, तर लिहूनच टाकतो. लांबेल जरा, चहा घेऊन बसा.

विल्यम तिसरा. सिसिलीच्या नॉर्मन राजांमधला शेवटचा. फेब्रुवारी 1194 मध्ये गादीवर आला आणि त्याच वर्षीच्या नाताळात गादी गेली. दहा महिने. तेव्हा तो दहा वर्षांच्या आतलं पोर होता, कारभार आई सिबिला बघायची.

मागची गोष्ट थोडक्यात सांगतो. 18 नोव्हेंबर 1189 ला विल्यम दुसरा मूलबाळ नसताना वारला. कायद्याने हक्क कोणाचा तर त्याच्या आत्याचा, म्हणजे कॉन्स्टन्सचा. पण तिचं लग्न 1186 लाच मिलानमध्ये जर्मन राजपुत्र हेन्रीशी लावून दिलेलं, त्यामुळे तिला गादी द्यायची म्हणजे जर्मनांना घरात घ्यायचं, हे दरबारातल्या बऱ्याच लोकांना नको होतं. त्यांनी लेच्चेचा काउंट टँक्रेड पुढे केला. टँक्रेड हा रॉजर दुसऱ्याचा नातू, पण अनौरस. इथे नात्यातली गंमत बघा, कॉन्स्टन्स 1154 ला वडील वारल्यानंतर जन्मलेली, त्यामुळे आत्या भाच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान. पुढची पाच वर्षं दक्षिण इटलीत जे काही पेटलं ते या आत्या-भाच्याच्या भांडणातून.

टँक्रेड 20 फेब्रुवारी 1194 ला गेला. त्याच्याआधी दोनच महिने, ऐन नाताळाच्या तोंडावर, त्याचा थोरला मुलगा रॉजर गेलेला. तोही राज्याभिषेक झालेला, तयार झालेला वारस. उरला धाकटा विल्यम. हेन्री मे महिन्यात आल्प्स उतरला, ऑगस्टमध्ये नेपल्सने दारं उघडली, सप्टेंबरात सालेर्नो लुटून जाळलं, 20 नोव्हेंबरला स्वारी पालेर्मोत. 25 डिसेंबर 1194 ला हेन्रीचा राज्याभिषेक. 1130 च्या नाताळात रॉजर दुसऱ्याच्या डोक्यावर याच शहरात मुकुट चढला होता, बरोब्बर 64 वर्षांनी तो नाताळातच घराबाहेर गेला.

माझं म्हणणं असंय की या पोराची गादी 1194 ला गेलीच नाही, ती 1192 मध्ये त्याच्या बापानेच घालवली. कशी ते खाली लिहितो, आधी तुम्ही बोला.

टिकोजी

मी पयला. रुमाल टाकून ठेवतो, रात्री वाचीन.

मिष्टीचीआई

छान लिहिलंय पण एक बेसिक शंका. नॉर्मन म्हणजे इंग्लंड जिंकणारे ना? ते सिसिलीत काय करत होते?

निशाचर

@मिष्टीचीआई, शंका अगदी रास्त. गाव तेच, नॉर्मंडी. पण हे ओतव्हील घराणं वेगळं, इंग्लंडवाल्या विल्यमशी यांचा संबंध नाही. अकराव्या शतकाच्या सुरुवातीपासून नॉर्मन पोरं दक्षिण इटलीत भाडोत्री शिपाई म्हणून यायची. घरी वाटणीला जमीन येत नाही, भाऊ ढीगभर, मग करणार काय, तलवार उचलायची आणि जिथे पैसे मिळतील तिथे जायचं. आज याच्याकडून लढ उद्या त्याच्याकडून, असं करत करत मालकालाच बाजूला सारून स्वतः जमीनदार झाले. 1072 ला पालेर्मो घेतलं, 1091 पर्यंत अख्खं बेट. तेव्हा सिसिलीवर अरबांचा अंमल होता, ग्रीक बोलणारे ख्रिश्चन पण भरपूर. यांनी शहाणपणा असा केला की सगळ्यांना कामाला ठेवलं. हिशेबाला अरब कारकून, आरमाराला ग्रीक अधिकारी, चर्चमध्ये लॅटिन बिशप. रॉजरच्या दरबारी अल-इद्रिसी होता, त्याने 1154 मध्ये जगाचा नकाशा आणि वर्णन पूर्ण केलं. राजवाड्यातल्या चॅपलचं छत बघितलं तर अरबी पद्धतीचं लाकूडकाम, भिंतीवर बायझंटाइन मोझेइक आणि खाली लॅटिन प्रार्थना.

जुनापुराणा

वा, बऱ्याच दिवसांनी वाचण्यासारखा धागा.

त्या सलोख्याच्या चित्राला थोडा चाप लावतो. स्पेनहून आलेला प्रवासी इब्न जुबैर 1184-85 च्या हिवाळ्यात सिसिलीत होता. विल्यम दुसऱ्याला अरबी लिहिता-वाचता येतं म्हणून त्याने कौतुक केलंय, नाताळात पालेर्मोच्या ख्रिश्चन बायका मुसलमान बायकांसारखे कपडे, बुरखे, मेंदी करून चर्चला निघाल्या होत्या हेही त्याने लिहून ठेवलंय. पण तिथले मुसलमान किती दबून राहतात, राजवाड्यातले सेवक नमाज लपून कसे पढतात, तेही त्यानेच लिहिलंय. आणि 1189 ला राजा मेल्या मेल्या पालेर्मोत मुसलमानांवर हल्ले झाले, लोक डोंगरात पळाले, टँक्रेडला गादीवर बसल्या बसल्या आधी ते बंड निस्तरावं लागलं. म्हणजे बाहेरून जर्मन यायच्या आधीच घराला आतून तडे गेलेले होते. सरदारांतही फूट होतीच, आंद्रियाचा काउंट रॉजर स्वतःच गादी मागत होता, त्याला पकडून मारला.

1192 बद्दल तुम्ही कुठे जाताय ते कळलंय मला, पण लिहा.

निशाचर

@जुनापुराणा, तुम्हाला कळणारच.

तर 1191. हेन्रीने पहिल्यांदा स्वारी केली तेव्हा नेपल्सला वेढा घालून बसला. ऐन उन्हाळा, छावणीत रोगराई पसरली, माणसं पटापट मरायला लागली, स्वतः हेन्री आजारी पडला आणि वेढा उठवून निघून गेला. जाताना बायकोला सालेर्नोत ठेवून गेला. कशाला ठेवली देव जाणे, बहुधा मी परत येतोच आहे हे दाखवायला. सालेर्नोच्या लोकांनी बघितलं, सम्राट तर पळाला, आता टँक्रेड येऊन आपली सालं काढणार, तर त्याला खूश करायला त्यांनी कॉन्स्टन्सलाच धरून त्याच्या हवाली केलं.

विचार करा. समोरच्याचा सगळा दावा जिच्या नावावर उभा आहे ती बाईच तुमच्या कोठडीत. तिला मूल नाही, लग्नाला पाच वर्षं झालेली, वय सदतीस. नुसती बसवून ठेवली असती तरी हेन्रीचे हात बांधले गेले असते.

कवी पीटर ऑफ इबोली सांगतो की सिबिलाला हिला जिवंत ठेवणंच धोक्याचं वाटत होतं, नवऱ्याला तसं कळवलंही. आता हा पीटर हेन्रीचा भाट, टँक्रेडला तो माकड म्हणतो, अर्धामाणूस म्हणतो, त्यामुळे त्याचं मीठ लावूनच घ्यायचं. पण टँक्रेडने तिला इजा केली नाही, मानाने ठेवली, एवढं खरं. मग मध्ये पडले पोप सेलेस्टाइन तिसरे. म्हणाले, तिला रोमला आमच्याकडे पाठव, आम्ही तुला राजा म्हणून मान्यता देतो. टँक्रेडला त्या मान्यतेची भूक होतीच, अनौरस म्हणून आयुष्यभर ऐकून घेतलेलं. 1192 मध्ये त्याने तिला पाठवलं. आणि वाटेत सरहद्दीवर सम्राटाचे शिपाई भेटले, बाई त्यांच्याबरोबर गेली, रोमला पोचलीच नाही.

संपलं. हुकमाचा एक्का टेबलावर ठेवला आणि उचलला दुसऱ्याने.

हिशेबनीस

धागा आवडला पण निष्कर्ष अजिबात पटला नाही. सगळं भावनेच्या अंगाने चाललंय, पैशाचं कोणी बोलतच नाहीये.

कॉन्स्टन्स सुटली 1192 ला. मग हेन्री लगेच का नाही आला? कारण खिशात दमडी नव्हती. जर्मनीत सरदार उलटलेले, पहिल्या स्वारीत फौज रोगाने गेलेली. मग त्याला लॉटरी लागली. डिसेंबर 1192 ला इंग्लंडचा रिचर्ड धर्मयुद्धावरून घरी परतताना व्हिएन्नाजवळ वेश पालटून जाताना पकडला गेला. ऑस्ट्रियाच्या लिओपोल्डने धरला आणि पुढे हेन्रीच्या हवाली केला. खंडणी ठरली दीड लाख मार्क चांदी, त्यातले एक लाख सुटकेआधी. कोलोनचा मार्क साधारण 233 ग्रॅम धरला तर एक लाख मार्क म्हणजे 23 टनांच्या वर चांदी. इंग्लंडमध्ये लोकांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा घेतला, चर्चची भांडी वितळवली, मठांची लोकर उचलली. 4 फेब्रुवारी 1194 ला रिचर्ड सुटला. आणि टँक्रेड कधी मेला? 20 फेब्रुवारी. सोळा दिवसांचं अंतर!! एका बाजूला तिजोरी भरली, दुसऱ्या बाजूला राजा गेला आणि पोर बसलं. या पैशातून फौज उभी राहिली. बाकी आत्या, भाचा, पोप सगळं नंतर.

निशाचर

@हिशेबनीस, मान्य, पैशाशिवाय पान हललं नसतं. पण मग हेही घ्या ना हिशेबात, रिचर्डवर हेन्रीचा दात होता तो का? टँक्रेडमुळेच!

सप्टेंबर 1190 ला रिचर्ड धर्मयुद्धाला जाताना मेसिनात उतरला. त्याची बहीण जोन ही मेलेल्या विल्यम दुसऱ्याची बायको, टँक्रेडने तिला अडकवून ठेवलेलं आणि तिचं स्त्रीधन दाबून बसलेला. रिचर्डने ऑक्टोबरात मेसिना लुटलं. मग तह झाला, टँक्रेडने 20,000 औंस सोनं जोनच्या हक्काचं म्हणून दिलं आणि आणखी 20,000 आपल्या मुलीचं लग्न रिचर्डच्या पुतण्याशी, आर्थरशी ठरवलं म्हणून. बदल्यात रिचर्डने त्याला राजा मानलं. हेन्रीने ते लक्षात ठेवलं.

हिशेबनीस

म्हणजे टँक्रेडने सोनं देऊन रिचर्डची दोस्ती घेतली, त्या दोस्तीचा राग हेन्रीने रिचर्डवर काढला आणि रिचर्डच्या चांदीने टँक्रेडच्या पोराची गादी घेतली. एवढी गोल एंट्री मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नाही. 🙂 पण यात माझाच मुद्दा सिद्ध होतो हां.

टिकोजी

वाचला. भारी. जेनोआ आणि पिसावाल्यांबद्दल कोणी लिहिलं नाही, फौज समुद्र ओलांडून गेली ती यांच्या जहाजांवर. हेन्रीने दोघांना भरमसाट आश्वासनं दिलेली. दोघं एकमेकांचे हाडवैरी, मेसिनाला पोचल्यावर शत्रू राहिला बाजूला आणि यांनी आपापसातच मारामारी केली. शेवटी राज्य मिळाल्यावर हेन्रीने जेनोआवाल्यांना काय दिलं? ठेंगा. गरज सरो वैद्य मरो.

मिष्टीचीआई

मला त्या पोराचं पुढे काय झालं ते सांगा आधी. दुपारपासून तेच डोक्यात आहे, मुलीचा अभ्यास घेताना पण.

निशाचर

@मिष्टीचीआई, सांगतो, पण ऐकायला बरं नाही.

जर्मन पालेर्मोजवळ आले तेव्हा सिबिला मुलांना घेऊन काल्ताबेल्लोत्ताच्या किल्ल्यात गेली. उभ्या कड्यावरचा किल्ला, हेन्रीला तो घ्यायचा म्हणजे महिने गेले असते, म्हणून त्याने बोलणी लावली. ठरलं असं, की विल्यमने राज्यावरचा हक्क सोडायचा आणि त्याला बापाची लेच्चेची जहागीर आणि वर तारांतोचं राज्य मिळणार. वाईट सौदा नव्हता, बाप मुळात लेच्चेचाच काउंट. आई मुलांना घेऊन खाली उतरली. हेन्रीच्या राज्याभिषेकाला ही सगळी मंडळी हजर होती. म्हणजे आपला मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर चढताना त्या पोराने समोर उभं राहून पाहिलं.

चार दिवसांनी, 29 डिसेंबरला हेन्रीने जाहीर केलं की माझ्याविरुद्ध कट सापडलाय. सिबिला, विल्यम, तिन्ही मुली, सालेर्नोचा आर्चबिशप, आरमारप्रमुख मार्गारितो, बडे सरदार, सगळ्यांना उचललं आणि जर्मनीला रवाना केलं. बायका आल्सासमधल्या होहेनबुर्गच्या मठात. विल्यमला त्यांच्यापासून तोडून होहेनएम्सच्या किल्ल्यात ठेवला, आजच्या ऑस्ट्रियाच्या पार पश्चिम टोकाला. त्याचे डोळे काढले आणि त्याला खच्ची केलं असं काही जुन्या बखरींत आहे, काहींत नुसतं कैदेत ठेवल्याचं आहे. 1198 च्या सुमारास तो मेला.

मिष्टीचीआई

वाचवत नाही हो. आई खाली का उतरली असेल असं सारखं वाटतंय.

जुनापुराणा

उतरली कारण बाहेरून कोणी येणार नव्हतं. किल्ला लढवायचा तो मदत येईपर्यंत, इथे मदत कोणाची? पोप गप्प, रिचर्ड स्वतः कंगाल होऊन फ्रान्सच्या राजाशी झुंजतोय, मार्गारितोने आधीच हत्यार टाकलेलं. सिबिलाने हिशेब बरोबर केला, समोरचा शब्द पाळेल एवढीच अट तिच्या हातात नव्हती.

कट खरा होता का, यावर मी वर्षानुवर्षं डोकं घातलंय. हेन्रीने जानेवारी 1195 ला रुआँच्या आर्चबिशपला पत्र लिहिलं त्यात तो कटाचं सांगतो आणि त्याच पत्रात मुलगा झाल्याची आनंदाची बातमी देतो. मला विचाराल तर कट फार सोयीचा होता. दिलेला शब्द मोडायचा तर कारण लागतं, आणि चार दिवसांत इतकी सोयीची कारणं आपोआप सापडत नाहीत. पण हेही खरं की दोन वर्षांत सिसिलीत हेन्रीविरुद्ध खराखुरा उठाव झाला, म्हणजे असंतोष होताच. सिबिलाच्या भावाला, अचेराच्या काउंटला 1196 मध्ये पकडून फाशी दिलं.

निशाचर

मुलाचं नाव काढलंत तर तेही लिहितो. हेन्री पालेर्मोत मुकुट घालत होता तेव्हा कॉन्स्टन्स बरोबर नव्हती, दिवस भरत आले म्हणून वाटेत येझी गावात थांबलेली. दुसऱ्याच दिवशी, 26 डिसेंबर 1194 ला तिला मुलगा झाला. चाळीस वर्षांची बाई, लग्नाला जवळजवळ नऊ वर्षं. लोक म्हणणार हे मूल हिचं नाहीच, म्हणून तिने भर बाजारात तंबू ठोकून गावच्या बायकांसमोर बाळंतपण केलं अशी कथा पुढे पसरली. कथा नंतरची असेल, पण लोक काय बोलत असतील ते त्यातून कळतंच. तेच हे बाळ म्हणजे फ्रेडरिक दुसरा.

आता परत माझा 1192 चा मुद्दा. टँक्रेडने तिला सोडली नसती तर हे बाळ झालं असतं का? @हिशेबनीस, चांदीने फौज मिळते, वारस नाही मिळत.

हिशेबनीस

या एका वाक्यासाठी अर्धा गुण देतो. उरलेला अर्धा रोखून ठेवलाय.

टिकोजी

पण हेन्रीला तरी काय मिळालं? सप्टेंबर 1197 ला मेसिनात आजारपणात मेला, बत्तीसाव्या वर्षी. 1198 च्या नोव्हेंबरात कॉन्स्टन्सपण गेली. गादीवर कोण? तीन वर्षांचं पोर. म्हणजे चार वर्षांपूर्वी ज्या कारणासाठी विल्यमची गादी हिसकावता आली तीच अवस्था परत. फरक एवढाच की याच्या अंगावर चालून जायला कोणी हेन्री नव्हता.

निशाचर

अगदी. आणि विल्यमच्या बहिणींचं राहिलंच. हेन्री गेल्यावर सिबिला आणि मुली मठातून सुटल्या, फ्रान्सला गेल्या. थोरली एल्विरा, तिचं लग्न वॉल्टर ऑफ ब्रिएनशी झालं आणि या जावईबापूंनी सासूला कबूल केलेलं लेच्चे आणि तारांतो मागायला चक्क फौज घेऊन दक्षिण इटली गाठली, पोपचा पाठिंबा घेऊन. 1205 मध्ये पकडला गेला आणि जखमांनी मेला.

थोरला भाऊ रॉजर, जो आधीच वारला, त्याची विधवा आयरीन, बायझंटाइन सम्राटाची मुलगी. ती बिचारी पालेर्मोच्या राजवाड्यात सापडली, तिचं लग्न हेन्रीने आपल्या भावाशी फिलिपशी लावून दिलं. लुटीत सुनासुद्धा मोजायच्या.

रानवारा

नुसतीच वाचत होते, आता लुटीचं निघालं म्हणून लिहिते. मी आठ वर्षं व्हिएन्नात आहे. पालेर्मोच्या खजिन्याचं ओझं दीडशे खेचरांवर लादून जर्मनीत ट्रिफेल्सच्या किल्ल्यात नेलं असं सांगतात. त्यातलंच मानतात ते रॉजर दुसऱ्याचं राजवस्त्र इथे होफबुर्गच्या खजिना संग्रहालयात आहे. पाहुणे आले की त्यांना घेऊन जावंच लागतं, त्यामुळे माझे सहा-सात वेळा तरी झालंय बघून.

खोलीत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो, रेशीम खराब होऊ नये म्हणून. आधी नुसता लाल अर्धगोल दिसतो, डोळे सरावले की सोन्याची जर उठून येते. मधोमध खजुराचं झाड, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक सिंह आणि प्रत्येक सिंहाने एक उंट खाली दाबलेला. सिंहाच्या पंजाखाली उंटाची मान अशी वाकलीये की बघताना आपली मान अवघडते. कडेने मोती, आणि खालच्या गोल काठाला कूफी लिपीत अरबी मजकूर, त्यात हिजरी 528 साल आणि हे राजाच्या कारखान्यात सिसिलीच्या राजधानीत बनवलं असं. म्हणजे इसवी 1133-34. गंमत म्हणजे पुढे शेकडो वर्षं पवित्र रोमन सम्राट राज्याभिषेकाला हेच अंगावर घ्यायचे, शेवटचं 1792 ला. पायाशी अरबी अक्षरं घेऊन ख्रिस्ती सम्राट देवासमोर गुडघे टेकायचे, कोणाला वाचता येत होतं की नाही कोण जाणे.

एकदा माझे सासरे बराच वेळ त्या काचेसमोर उभे होते. मला वाटलं भारावले. तर म्हणाले, "अगं याला अस्तर कुठलं लावलंय ते दिसत नाहीये."

मिष्टीचीआई

सासरे 😂 फोटो टाका ना.

रानवारा

मोबाईलने काढलेत, पण सगळ्यात काचेवर माझी लाल पर्स आलीये. नीट एक सापडला तर टाकते.

मिष्टीचीआई

विल्यमने ते कधी अंगावर घातलं असेल का हो? दहा महिन्यांत एकदा तरी?

रानवारा

घातलं असेल तर पोर दिसलं नसतं. ते पसरलं की सव्वातीन मीटरच्या वर भरतं, आणि सोनं-मोत्यांमुळे जड. दोन माणसांनी दोन्ही टोकं उचलून धरल्याशिवाय त्याला पाऊल टाकता आलं नसतं.